दोनशे नारिंगी पाट्या

४ ऑक्टोबर

पहिली पाटी लागली! नंबर सदतीस. कृष्णा समुद्राला मिळते तिथे, हंसलदीवीजवळ, एका मच्छीमाराच्या जाळ्यात आली. ऑफिसच्या फोनवर त्याचा कॉल आला तेव्हा मी डबा खात होते. "मॅडम, चेक्क दोरिकिंदि, नारिंज रंगु." लाकूड सापडलंय, नारिंगी रंगाचं. नंबर वाच म्हटलं. मूडु, एडु. तीन, सात. भाकरीचा घास हातातच राहिला.

खोलीभर टाळ्या. अनिल सरसुद्धा खुर्चीतून उठले. पुण्याचा माणूस, कौतुक करायचं तर मान अर्धा इंच हलवणार, आणि आज चक्क उठून उभे! हैदराबादेत मुसी नदीत सोडलेली वस्तू सोळा दिवसांत समुद्रात, तेही मधलं धरण आणि विजयवाड्याचा बॅरेज ओलांडून. "रेणुका, हे कुणाकडेच नाहीये," म्हणाले.

मीही टाळ्या वाजवल्या. मग बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि रडले.

त्या पाट्या अमरदीपनं सोडल्या होत्या. माझ्या भावानं. १८ सप्टेंबरला, चादरघाटच्या पायऱ्यांवरून. पाटी समुद्राला पोचली. तो कुठे आहे ते कुणाला माहीत नाही.

५ ऑक्टोबर

बोलता येत नाही म्हणून लिहिते. मराठीत लिहिते म्हणजे घरात कुणी वाचणार नाही. माय सही करण्यापुरती शिकली. अमर तर मराठी पाटी वाचताना अडखळायचा, "अक्का, ये कौनसा अक्षर है" करायचा. आता तो धोकाही नाही.

आमचं काम लोकांना सांगितलं की हसतात. हैदराबादला समुद्र नाही, पण समुद्राचं ऑफिस आहे! पूर आला की नदीबरोबर काय काय वाहून जातं — पिंपं, दारं, सिलिंडर, चपला, पोतीच्या पोती प्लास्टिक — ते समुद्रात गेल्यावर कुठल्या किनाऱ्याला लागेल, हे आम्ही आधी सांगायचं. अमर म्हणायचा, "तू समुंदर की पोलीस है अक्का, मगर समुंदर कब देखी?"

कॉम्प्युटरचं गणित खरं की खोटं ते कळायला खरी वस्तू सोडून बघावी लागते. म्हणून दोनशे लाकडी पाट्या केल्या. नारिंगी रंग, नंबर, तेलुगूत "सापडल्यास फोन करा". त्या ऐन पुरात सोडायच्या होत्या. १८ तारखेला सकाळी नऊला निरोप आला की वरच्या तलावांचे दरवाजे उघडतायत. मी ऑफिसात अडकलेली, त्या दिवशीचं पुराच्या इशाऱ्याचं पत्रक माझ्याकडे. पाट्या घरी, काचीगुड्याला. अमरची सुट्टी होती. लॅबसाठी घरोघर रक्ताचे नमुने गोळा करायचा तो, आठवड्यातून एक दिवस सुट्टी. बाहेरच्या माणसाला पाठवायचं नाही असा नियम आहे. मी पाठवलं. फॉर्मवर नुसतं "स्वयंसेवक" लिहिलं.

आणि बोलून मेसेज केला. तो अजून फोनमध्ये आहे. "पुलावरून फेकू नको, वाऱ्यानं भरकटतात, चालत नाही. पायऱ्या उतर. पाण्याला टेकवून सोड. आधी एक ते शंभर. मग पाच मिनिटं थांब. मग उरलेल्या."

पुलावरून फेकू नको!

पाणी किती येणार ते मला माहीत होतं. शहरात सगळ्यांत आधी मला माहीत होतं. समोर आकडा होता. मला तो आकडा ग्राफवर दिसत होता, पायरीवर दिसला नाही.

६ ऑक्टोबर

कालचं राहिलं. तो हरवल्याची तक्रार द्यायला गेलो तेव्हा चौकीत विचारलं, "वो उधर कायकू गया था?" गाडी पुलाजवळ सापडली होती, चपला डिकीत नीट ठेवलेल्या. मी म्हटलं, अफझलगंजच्या लायब्ररीत जातो, परीक्षेचा अभ्यास करतो. तोंडातून आपोआप आलं. माय शेजारी बसलेली, ती म्हणाली, "हौ, पुस्तक परत द्यायचं व्हतं." म्हणजे तिनंही तेच धरलं. त्या दिवसापासून सगळे तेच सांगतात. पोरगं अभ्यासू होतं, पुस्तक द्यायला गेलं आणि पाण्यानं ओढलं.

मायला खरं सांगायचंय. रोज सकाळी ठरवते.

७ ऑक्टोबर

तातेरावमामा नांदेडहून आले. मायचे थोरले भाऊ. आले ते थेट मुद्द्यावर. आमच्यात पाचव्या दिवशी जलदान करतात. फोटोपुढे मेणबत्ती, भंतेजी, त्रिशरण-पंचशील, आणि घरच्यांनी तांब्यातून भांड्यात पाणी सोडायचं, गेलेल्याच्या नावानं. आज विसावा दिवस.

"चतुरा, लोक इचारू लालेत," मामा मायला म्हणाले. "आपुन शिकलेली माणसं. धम्मानं चालायचं का न्हाई?"

"बॉडी कुठंय?" मी विचारलं.

"ती न्हाई मिळाली तर काय जलमभर थांबायचं?"

माय भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्या न्हाई देणार पाणी. माझ्या हातानं न्हाई."

मामा माझ्याकडे बघायला लागले. मला बरं वाटलं. पाणी सोडायचं म्हणजे मलाही सोडावं लागणार, आणि माझा हात त्या तांब्याला कसा लागेल?

मामा म्हणाले, "मायलेकी एका माळेचे मणी." रागावून वरच्या खोलीत गेले. जेवायला मात्र वेळेवर खाली.

८ ऑक्टोबर

आज ते केलं. किती दिवस टाळत होते.

आमच्या प्रोग्रॅममध्ये आधी वस्तू निवडावी लागते, कारण प्रत्येक वस्तू वेगळी वाहते. यादी आहे. पिंप, ओंडका, उलटी होडी, तराफा. अगदी खाली "पाण्यातला माणूस". त्यावर दाबलं की आणखी एक यादी. उभा, बसलेला, जॅकेट घातलेला, मृत.

मी "उभा" निवडलं. एकविसाव्या दिवशी! त्याला पोहताही येत नव्हतं. पण बोट खाली "मृत"वर जाईना.

तो जिथे असू शकेल तिथे नकाशावर ठिपके पसरत गेले. बापटला, चिराला, खाली नेल्लोरपर्यंत. मागे अनिल सर कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. भाऊ पुरात गेला एवढंच त्यांना माहीत आहे. मला वाटलं आता ओरडतील, ऑफिसची मशीन, खासगी काम. खुर्ची ओढून बसले.

"उभा धरलात तर वारा लागतो," म्हणाले. "वारा शून्य धरा. पाण्याखालचा फक्त प्रवाह घ्या."

मी धरला शून्य. ठिपके आखडले. बरेचसे समुद्रात पोचलेच नाहीत, नदीतच राहिले.

"नाव काय त्याचं?"

"अमरदीप."

"तुमच्यापेक्षा लहान?"

"सात वर्षांनी."

मान अर्धा इंच हलवली आणि गेले. मी त्या माणसाला आजवर फार नावं ठेवली.

१० ऑक्टोबर

पाटी नंबर ५, ६१, ८८. वाऱ्याची दिशा बदलली. जेवले नाही.

१४ ऑक्टोबर

विहारात दरवर्षी आम्ही तिघं जातो आजच्या दिवशी, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला. पांढरे कपडे, मायच्या हातात खिरीचा डबा. अमर वंदनेत एक ओळ मागे असायचा, वाचता येत नाही म्हणून बाजूच्याचं ऐकून म्हणायचा. मी चिडायचे.

माय म्हणाली, तू जा. मी म्हटलं, तू चल. कुणीच गेलं नाही. संध्याकाळी शेजारच्या उषाताई खीर देऊन गेल्या. दारात उभं राहून म्हणाल्या, "काय कळलं का हो काही?" रोज कुणीतरी विचारतं. कळलं असतं तर खीर घेतली असती का?

मायही विचारते रोज, मी चपला काढताना. "समुद्रावरनं काय?" मी म्हणते, काही नाही. तिच्या तोंडावर जे येतं ते मला बघवत नाही. दुःख तर असतंच, पण वर आणखी काहीतरी असतं, भीतीसारखं. तिला कळलंय की काय, असं वाटतं.

१७ ऑक्टोबर

एकोणीस पाट्या झाल्या. सगळ्या शंभरच्या आतल्या.

अनिल सर चक्रावलेत. दुसरा लॉट पाच मिनिटांनंतरच सोडायचा तो याचसाठी, की पाच मिनिटांच्या फरकानं एकमेकांपासून किती लांब जातात ते बघायचं. "एकशेएकच्या पुढची एकही नाही? काठाच्या भोवऱ्यात अडकल्या असणार," म्हणाले.

मला निराळंच वाटतं. वाटतं म्हणजे, वाटून घेते. अमरचा शेवटचा मेसेज १०.४६ चा. "फर्स्ट लॉट डन. पानी मस्त है अक्का." त्यानंतर काही नाही. कदाचित तो थांबलाच नसेल. तो कुठे कधी पाच मिनिटं थांबलाय! पोस्टात रांग दिसली तर परत यायचा. पिशवी तिथेच टाकून वर आला असेल. पुढे रस्त्यावर पाणी होतं, सगळीकडेच होतं, तिथे कुठेतरी... पायरीवर नाही. माझ्या पायरीवर नाही.

एवढंच मागते. गेला तो गेला. पण माझं ऐकून थांबलेला नको.

२१ ऑक्टोबर

समुद्र पाहिला. चौतीस वर्षांची झाले, आठ वर्षं समुद्राच्या ऑफिसात काढली, आणि आज पाहिला.

चिराल्याला सकाळी उतरले. स्टेशनवर भाग्यलक्ष्मी घ्यायला आली होती. तिथल्या मच्छीमार बायकांची पुढारी, किनाऱ्याला काय लागलं त्याचे फोटो तीच आम्हाला पाठवते. फोनवर आवाज ऐकून वाटायचं धिप्पाड असेल. एवढीशी आहे, माझ्या खांद्याला लागते, पण चालते अशी की मला पळावं लागलं.

किनाऱ्यावर ढीग. आम्ही अहवालात त्याला सागरी कचरा म्हणतो. शाळेचं दप्तर. स्टीलचा डबा, झाकणावर नाव कोरलेलं. गणपतीचा अर्धा मुकुट. खुर्ची. दारावरची पत्र्याची टपालपेटी. लहान मुलाचा एकच बूट, मग दुसरा तसलाच दिसतो का म्हणून मी उगाच शोधत राहिले. हे सगळं कुणाच्या तरी घरात होतं महिन्यापूर्वी.

"मी ऊरि चेत्ता अंता इक्कडे," भाग्यलक्ष्मी म्हणाली. तुमच्या गावचा सगळा केर इथेच. भांडत नव्हती, नुसतं सांगत होती. तिच्या नवऱ्याचं जाळं एका सिलिंडरनं फाडलं. मी माफी मागितली, हैदराबादच्या वतीनं. ती हसली.

मग मी विचारलं. एवढंच विचारायला आले होते. माणसं लागतात का?

हसू गेलं तिचं. दोन लागली, म्हणाली. एक म्हातारा, एक बाई. पोलीस घेऊन गेले. तरुण कुणी नाही. मग माझा हात धरला, "एवरम्मा?" कोण गं?

"तम्मुडु." धाकटा भाऊ.

ती मला लाटेपाशी घेऊन गेली, पाण्यात उभं केलं आणि स्वतः बाजूला जाऊन वाळूत बसली. पाणी कोमट होतं. पायाखालची वाळू सरकत होती. मी त्याला हाक मारली, मोठ्यानं, अमऱ्या म्हणून. लाज वाटली नाही. तिथे कुणाला मराठी कळतंय?

२२ ऑक्टोबर

परत. माय दारातच. "समुद्रावरनं काय?"

"दोन जण लागले होते. तो नव्हता."

तिनं माझे पाय बघितले. वाळू होती बोटांत. गरम पाणी आणलं आणि स्वतः बसून माझे पाय धुतले. मी लहान असताना धुवायची. मी म्हटलं, राहू दे माय. ती म्हणाली, "गप."

तेव्हा सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. अशी भित्री बाई मी दुसरी पाहिली नाही.

२६ ऑक्टोबर

भाग्यलक्ष्मीचा फोटो आला. एकशेएक ते एकशेदहा. दहाच्या दहा. सुतळीनं बांधलेला गठ्ठा, जसाच्या तसा.

पाट्या मी दहा-दहाच्या गठ्ठ्यात बांधल्या होत्या. पाण्यात टाकायच्या आधी सुतळी सोडवायची. फोटो मोठा करून पाहिला. माझी गाठ, दुहेरी. तिचा एक पदर सोडवलेला आहे. दुसरा तसाच.

म्हणजे गठ्ठा हातात होता. तो सोडवत होता.

२७ ऑक्टोबर

आज नदीच्या पातळीची नोंद काढली, पुलाजवळच्या यंत्राची. दर मिनिटाची असते. १०.४६ ला पाणी त्या पायऱ्यांच्या खाली. १०.५० ला खाली. १०.५१ ला पहिली पायरी. १०.५२ ला पाच पायऱ्या एकदम गेल्या.

१०.४६ अधिक पाच म्हणजे १०.५१.

थांबला तो. आयुष्यात पहिल्यांदा घड्याळ बघून थांबला, कारण अक्कानं सांगितलं होतं. सगळ्या एकदम सोड म्हटलं असतं तर १०.४८ ला गाडीवर असता. पुलावरून फेक म्हटलं असतं तर आता समोर बसून माझ्या डब्यातली चटणी खात असता.

मी मारलं त्याला. दुसरा शब्द नाही याला.

२९ ऑक्टोबर

अनिल सरांनी फोटो पाहिला. "बांधलेल्या कशा? हे कुणी सोडलं? फॉर्मवर नुसतं स्वयंसेवक लिहिलंय. त्या माणसाशी बोलायला हवं, रेणुका. नाव द्या."

मी म्हटलं, बोलता येणार नाही.

"का?"

"माझा भाऊ होता."

सांगून टाकलं सगळं. नियम मोडला तेही सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला, परत घातला. मला वाटलं, आता नोकरी जाते. गेली तर गेली. मग म्हणाले, "नियमाचं मी बघतो. पण अहवालात नाव जाईल. जायलाच हवं. ज्यानं सोडल्या त्याचं नाव नाही, असा कागद मी पाठवणार नाही. अहवाल सगळीकडे जातो, वर्तमानपत्रातही येईल. तुमच्या आईंना बाहेरून कळू देऊ नका. आधी तुम्ही सांगा."

"तिला सहन होणार नाही, सर."

"तुम्हाला होतंय का?" म्हणाले.

३० ऑक्टोबर

नाही सांगितलं. ती झोपली होती. झोपली नव्हती, डोळे मिटून पडली होती. मी तेवढ्यावर निभावून नेलं.

१ नोव्हेंबर

मामा परत आले. या वेळी ऐकेनात. मला घेऊन सुलतान बाजारला गेले, पांढरं कापड घेतलं, मायला पांढरी साडी, मेणबत्त्या. दुकानदारानं विचारलं, "शादी है क्या घर में, अम्मा?" मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं दोन मेणबत्त्या जास्तीच्या घातल्या.

बसस्टॉपवर मामा एकदम रडायला लागले. सत्तरीचा माणूस, रस्त्यात, पिशवी छातीशी धरून. "माझ्या खांद्यावर बसून भीमजयंतीची मिरवणूक बगायचा गं. उतर म्हणलं तरी उतरायचा न्हाई." मी त्यांचा हात धरून उभी राहिले. तीन बस गेल्या.

घरी आलो. मायनं साडीची घडी पाहिली, हात लावला नाही. "सांगितलं न्हवं, माझ्या हातानं न्हाई."

मामा म्हणाले, "मग कुणाच्या हातानं? बाप तर कवाच गेला. तू माय हायस त्याची."

ती उठून मोरीत गेली. भांडी घासायचा आवाज आला. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती.

मी दाराशी जाऊन उभी राहिले. पाठ केवढीशी झालीये तिची. बोलणार होते. तोंड उघडलं होतं. तिनं मागे न बघताच म्हटलं, "जा, मामाला ताट वाढ."

सोमवारी अहवाल जाईल. नाव लिहून दिलं आज. अमरदीप. स्वच्छ अक्षरात. उद्या रविवार. मामा विहारात जाणार आहेत भंतेजींशी बोलायला, घरात आम्ही दोघीच. उद्या सांगते. मग तिनं मला घराबाहेर काढलं तरी चालेल.

२ नोव्हेंबर

सांगितलं. पाट्या, पायऱ्या, पाच मिनिटं. सगळं.

माय मग म्हणाली, "ठाव हाय मला. तुझा मेसेज त्यानं माझ्यासमोरच लावला व्हता. म्हणला, पाऊस उघडू दे, मग जातो. आडवाच झाला परत. म्याच उठवलं. म्हणलं, जा की रे, अक्काचं काम अडलंय, कितीदा सांगावं तुला. पिशवी म्या दिली त्याच्या हातात."

चाळीसावर दिवस आम्ही एका ताटात जेवलो.

"माय, मग बोलली का नाहीस?"

"तू मला माय म्हणायचं सोडलं असतंस."